क्रिमिनॉलॉजीला ॲडमिशन घेताय? आधी हा क्रम नीट लावा

क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, घेणारे बरेच जण सगळं उलट्या क्रमाने करतात. आधी कॉलेज बघतात, मग फी, मग कोर्सचं नाव, आणि डिग्री हातात आल्यावर नोकरीच्या जाहिराती उघडतात, आणि तेव्हा दिसतं की 'शैक्षणिक अर्हता' या रकान्यात आपल्या डिग्रीचं नावच नाही. मग परत दोन वर्षं दुसरी डिग्री करत बसायचं. हे टाळायचं असेल तर जाहिरातीपासून सुरू करा आणि मागे मागे येत कॉलेजपर्यंत पोचा. खालचे टप्पे मुख्यतः महाराष्ट्रातल्या मुलामुलींना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेत, बारावीवाले आणि पदवी होत आलेले दोघांनाही लागू पडतील.

## टप्पा १ : काम कुठे बसून करायचंय ते ठरवा

"मला क्राइममध्ये काम करायचंय" हे वाक्य पुरेसं नाही, कारण त्यात निदान पाच वेगळी कामं लपलेली आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

लॅबमध्ये बसून रक्त, विष, गोळ्या, हस्ताक्षर, मोबाइल तपासायचे असतील तर ते फॉरेन्सिक सायन्स. त्याला सायन्स लागतं, बारावीपासूनच. गणवेश घालून तपास करायचा असेल तर तो भरती परीक्षेचा रस्ता, त्याला कुठलीही पदवी चालते. सुटलेले कैदी, बालगृहातली मुलं, पीडित बाई यांच्यासोबत काम करायचं असेल तर क्रिमिनॉलॉजी आणि सोशल वर्क. बँकेतले फ्रॉड, मनी लाँडरिंग, कंपनीतली अफरातफर हवी असेल तर क्रिमिनॉलॉजीच्या जोडीला हिशेब किंवा कायदा हवाच. आणि पाचवं, शिकवणं आणि संशोधन. इथे मात्र क्रिमिनॉलॉजीची मास्टर्स हीच मुख्य डिग्री.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या कामात होतो. एमए क्रिमिनॉलॉजी करून फॉरेन्सिक लॅबमध्ये ॲनालिस्ट होता येईल असं समजून कितीतरी आर्ट्सची मुलं ॲडमिशन घेतात. होता येत नाही. लॅबच्या पदांना केमिस्ट्री, फिजिक्स, बायोलॉजीचे विषय, कॉम्प्युटर किंवा फॉरेन्सिक सायन्स अशी पदवी मागतात, आणि पॉलिग्राफ वगैरे करणाऱ्या विभागाला मानसशास्त्राची.

आणि ते 'प्रोफाइलर'चं खूळ. गुन्हेगाराच्या मनात शिरून तो कोण ते सांगणारा माणूस, अशी स्वतंत्र नोकरी आपल्याकडे जवळपास नाहीच. सगळा प्लॅन त्या एका कल्पनेवर उभा असेल तर आत्ताच थांबा, दोन वर्षांनी थांबण्यापेक्षा बरं.

थांबा, तपासा : पाचपैकी एक काम पहिली पसंती म्हणून आणि एक दुसरी म्हणून कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर टप्पा ३ आधी करा आणि मग इकडे परत या.

## टप्पा २ : त्या कामाच्या जुन्या जाहिराती वाचा

हा टप्पा लोक सोडूनच देतात कारण कंटाळवाणा आहे. पण सगळ्यात जास्त पैसे आणि वर्षं हाच वाचवतो.

एमपीएससी, यूपीएससी, एसएससी (दहावीची नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन), महाराष्ट्राचं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय, महिला व बालविकास आयुक्तालय, यांच्या मागच्या तीन-चार वर्षांतल्या जाहिराती साइटवर मिळतात. तुमच्या पदाची जाहिरात काढा आणि चार गोष्टी वहीत उतरवा : अर्हता शब्दशः काय लिहिलीय, वयाची अट, अनुभव मागितलाय का, आणि पद कायम आहे की कंत्राटी.

वाचताना काय काय सापडेल त्याचे नमुने देतो.

पीएसआय व्हायचंय? एमपीएससीला कुठलीही पदवी चालते. क्रिमिनॉलॉजीचे वेगळे मार्क नाहीत. उंची मात्र पुरुषांना किमान १६५ सेंमी आणि महिलांना १५७ सेंमी लागते, आणि उंची कुठल्या डिग्रीने वाढत नाही, म्हणून ॲडमिशनच्या आधी टेप घेऊन भिंतीला उभे राहा. सीबीआयमधला सब इन्स्पेक्टर एसएससीच्या सीजीएल (पदवीधरांसाठीच्या) परीक्षेतून जातो, तिथेही कुठलीही पदवी चालते. आयबी म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्यातला एसीआयओ हा अधिकारी वेगळ्या परीक्षेतून जातो, पण पदवी तिथेही कुठलीही चालते.

आयपीएस डोक्यात असेल तर हे लक्षात घ्या की यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत क्रिमिनॉलॉजी नाही. समाजशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, कायदा आहे. "क्रिमिनॉलॉजी घेतली की यूपीएससीचा ऑप्शनल आपोआप तयार होतो" असं कुणी ॲडमिशन काउंटरवर सांगत असेल तर त्याला ती यादी दाखवायला सांगा.

बाल न्याय मंडळात, म्हणजे जेजेबीमध्ये, एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात, त्यातली किमान एक महिला. २०१५ च्या कायद्यात या सदस्यांसाठी मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव, नाहीतर बाल मानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायद्याची पदवी असलेला प्रॅक्टिस करणारा व्यावसायिक अशी अट आहे. क्रिमिनॉलॉजी हा शब्द त्या यादीत नाही. म्हणजे तिथे जायचं तर अनुभवाच्या बाजूने जावं लागेल आणि तो डिग्री झाल्या झाल्या मोजायला सुरुवात केली पाहिजे.

⚠️ 'समकक्ष पदवी' या शब्दावर भरवसा ठेवून ॲडमिशन घेऊ नका. समकक्ष आहे की नाही ते भरती करणारं खातं ठरवतं. कॉलेजच्या म्हणण्याला तिथे किंमत नसते.

## टप्पा ३ : फी भरण्याआधी कोर्टात बसून या

या विषयाची आवड खरी आहे की फक्त वेब सिरीजची आहे, ते तपासायला पैसे लागत नाहीत. आपल्याकडची कोर्टं कायद्याने खुली आहेत, जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर शांत बसता येतं (बंद दाराआड चालणारे खटले सोडून, पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे, खटले तसे चालतात). मोबाइल बंद, बोलायचं नाही, रेकॉर्डिंग अजिबात नाही. निदान तीन-चार दिवस जा. तारीख पे तारीख, साक्षीदार आलाच नाही, आरोपीला जेलमधून आणायला एस्कॉर्ट मिळाला नाही, उलटतपासणीत एकच प्रश्न पाच वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला जातोय, हे सगळं बघा. कंटाळा आला तरी हरकत नाही, येतोच. पण त्या कंटाळ्यातसुद्धा "हा साक्षीदार का आला नसेल" असा प्रश्न पडला तर तुम्ही योग्य विषयात येताय.

घरी बसून दुसरं काम करा. एफआयआर अपलोड करण्याबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१६ साली आदेश दिलाय, त्यामुळे संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांच्या साइटवर बघायला मिळतात. महाराष्ट्रातले बहुतेक मराठीत असतात. दहा-पंधरा वाचा. फिर्यादी, पंचनामा, मुद्देमाल, दोषारोपपत्र, ही भाषा पुढे रोज लागणार आहे, आणि इंग्लिश मीडियमच्या मुलांची इथेच दांडी गुल होते.

## टप्पा ४ : आता कोर्स निवडा, कॉलेज नाही

आपल्याकडे साधारण रचना अशी आहे की क्रिमिनॉलॉजी जास्त करून मास्टर्सला मिळते. बारावीनंतर लगेच बीए क्रिमिनॉलॉजी देणारी ठिकाणं आहेत, पण माझं स्पष्ट मत असं की बारावीनंतर समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, स्टॅटिस्टिक्स किंवा सोशल वर्क यातली एक घट्ट पदवी घ्या आणि क्रिमिनॉलॉजी त्यावर मास्टर्सला चढवा. कारण टप्पा २ मध्ये बघितलंच की जाहिरातीत हीच नावं येतात. पाया रुंद असेल तर क्रिमिनॉलॉजीत काही नाही जमलं तरी दुसरं दार उघडं राहतं.

फॉरेन्सिकवाल्यांचं वेगळं. बारावी सायन्सनंतर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांमध्ये बीएस्सी आणि पुढे एमएस्सी करता येतं. गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी २०२० च्या संसदेच्या कायद्याने झालेली, तिचे दिल्ली, गोवा असे बाकी कॅम्पसही आहेत आणि प्रवेशासाठी तिची स्वतःची परीक्षा असते. सध्या या शाखेला मागणी वाढायचं एक ठोस कारण आहे : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६ (३) मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलंय, आणि राज्यांना त्याची तयारी करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय. माणसं लागणार हे उघड आहे. पण भरती कधी आणि किती हे त्या कलमात लिहिलेलं नाही, तेव्हा "नोकरी फिक्स" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

मास्टर्सला क्रिमिनॉलॉजीसाठी काही नावं : मुंबईचं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (तिथलं काम सोशल वर्क आणि न्यायव्यवस्था या बाजूचं, कैदी, पुनर्वसन, कायदेशीर मदत वगैरे), गांधीनगरजवळची राष्ट्रीय रक्षा युनिव्हर्सिटी (सुरक्षा आणि पोलिसिंगकडे कल), मध्य प्रदेशातलं सागरचं डॉ. हरिसिंग गौर विश्वविद्यालय, मद्रास युनिव्हर्सिटी, तिरुनेलवेलीचं मनोन्मणीयम सुंदरनार विद्यापीठ, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. कोर्सचं नाव एक असलं तरी प्रत्येक ठिकाणचा कल वेगळा आहे, म्हणून सिलॅबसची पीडीएफ उघडा आणि तीन गोष्टी शोधा : रिसर्च मेथड्स आणि स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहे का, फील्डवर्कला क्रेडिट आहेत का, आणि कायद्याच्या पेपरात भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे नवे कायदे आलेत की अजून जुने आयपीसी-सीआरपीसीच चालू आहेत. तिसरं उत्तर 'अजून आयपीसी' असेल तर तिथे सिलॅबसकडे कुणी बघत नाही असं समजा.

⚠️ तारखा. टाटा आणि सागरसारख्या ठिकाणी मास्टर्सला सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा लागते, तिचे फॉर्म हिवाळ्यातच सुटतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास असते, म्हणजे तुमचं पदवीचं शेवटचं सेमिस्टर संपायच्या आधी. "रिझल्ट लागू दे मग बघू" म्हणणाऱ्यांचं पूर्ण वर्ष इथेच जातं.

## टप्पा ५ : कॉलेजची झडती घ्या

यूजीसीची बोगस विद्यापीठांची यादी साइटवर असते, ती आधी बघा. डिस्टन्स किंवा ऑनलाइन कोर्स असेल तर त्या वर्षासाठी, त्या कोर्सला यूजीसीच्या डिस्टन्स ब्युरोची मान्यता आहे का ते बघा, युनिव्हर्सिटीला मान्यता असणं वेगळं आणि त्या कोर्सला असणं वेगळं. सहा महिन्यांचे 'सर्टिफाइड क्रिमिनल प्रोफाइलर' टाइप डिप्लोमे छंद म्हणून करा, सरकारी अर्जात त्यांचा उपयोग शून्य.

मग कॉलेजला फोन करून हे विचारा : क्रिमिनॉलॉजीचे पूर्णवेळ शिक्षक किती आणि त्यांची स्वतःची पीएचडी कशात आहे; मागच्या बॅचची मुलं फील्डवर्कला कुठे गेली, संस्थांची नावं सांगा; आणि मागच्या बॅचमधल्या दोघातिघांशी बोलता येईल का. प्लेसमेंटचा टक्का विचारू नका, तो कसाही बनवता येतो. पहिल्या दोन प्रश्नांना गोलगोल उत्तरं आली की समजून घ्यायचं. तिसऱ्याला नकार आला तर फोन ठेवून द्या.

## टप्पा ६ : शिकताना जोर कुठे लावायचा

पहिलं सेमिस्टर थिअरीचं असतं आणि मुलं ती पाठ करतात. दुर्खाइमची ॲनॉमी, मर्टनची स्ट्रेन, सदरलँडचं डिफरन्शियल असोसिएशन, हिर्शीचं सोशल कंट्रोल, कोहेन आणि फेल्सनची १९७९ ची रूटीन ॲक्टिव्हिटी. नावं-सालं पाठ करून पेपर सुटतो पण इंटरव्ह्यूला काही उपयोग होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक थिअरी एका खऱ्या गुन्ह्याला लावून बघा. रूटीन ॲक्टिव्हिटी म्हणते की गुन्हा घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : तयारीतला गुन्हेगार, सोपं लक्ष्य आणि राखणदार नसणं. आता ओटीपी फ्रॉड घ्या. लक्ष्य कोण? राखणदार कोण, बँक की मोबाइल कंपनी की घरातला मुलगा? तिघांपैकी कुणाला हलवलं तर गुन्हा कमी होईल? असं लिहायची सवय लागली की फ्रॉड टीमच्या मुलाखतीत तुम्ही वेगळे दिसता.

दुसरा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे आकडे. एनसीआरबीचा (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा) 'क्राइम इन इंडिया' अहवाल प्रत्येकजण कोट करतो आणि बरेच जण चुकीचा कोट करतात. तीन चुका ठरलेल्या आहेत. एक, एकूण आकडा बघून राज्यांची तुलना करणं, बघायचा असतो लाख लोकसंख्येमागचा दर. दोन, एनसीआरबी एका एफआयआरमधला फक्त सगळ्यात गंभीर गुन्हा मोजते, म्हणजे बलात्कार आणि खून एकाच एफआयआरमध्ये असतील तर तो खुनात मोजला जातो, हे माहीत नसताना काढलेले निष्कर्ष कोसळतात. तीन, नोंदवलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा एकच समजणं. एखाद्या ठिकाणी आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढलेच असं नाही, लोक तक्रार द्यायला लागले किंवा पोलीस नोंदवायला लागले असंही असू शकतं.

यासोबत एक्सेल हाताखालची झाली पाहिजे, जमलं तर आर किंवा एसपीएसएस हे स्टॅटिस्टिक्सचे प्रोग्राम, आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस, जे फुकट आहे. स्टॅटिस्टिक्सला घाबरून क्रिमिनॉलॉजीत आलेले खूप असतात आणि त्यांना इथेच धक्का बसतो.

थांबा, तपासा : पहिलं वर्ष संपताना स्वतःच्या जिल्ह्याचे पाच वर्षांचे आकडे घेऊन चार पानांची एक टिपण लिहिता येतेय का? येत असेल तर गाडी रुळावर आहे.

## टप्पा ७ : इंटर्नशिप, आणि तिथली तोंड बंद ठेवायची शिस्त

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पॅरालीगल व्हॉलंटियर (कायदेशीर मदतीचा स्वयंसेवक) होण्यासाठी विचारा, विद्यार्थ्यांनाही घेतात. मानवी हक्क आयोग विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप घेतो, राष्ट्रीय महिला आयोगही घेतो. कारागृह, निरीक्षणगृह (गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना ठेवतात ते), वन स्टॉप सेंटर (अत्याचारग्रस्त महिलांसाठीचं मदत केंद्र) इथे एकट्याने अर्ज करून सहसा परवानगी मिळत नाही, डिपार्टमेंटच्या पत्राने मिळते, आणि त्या पत्राचा प्रवास लांबतो, तेव्हा मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारीत अर्ज टाका. 'तपास बघायचाय' असं पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं तर चहा मिळेल, बाकी काही नाही. त्यापेक्षा नेमका विषय घेऊन जा, उदाहरणार्थ ठाण्यातला महिला मदत कक्ष किंवा सायबर तक्रारींची नोंद.

⚠️ हे तीनदा वाचा. कायद्याशी संघर्षात आलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख न्याय संहितेच्या कलम ७२ खाली. निरीक्षणगृहाच्या दारात सेल्फी, मागे एक मुलगा दिसतोय, स्टोरीला टाकली, झालं. रिपोर्टमध्येसुद्धा नाव बदललं आणि गाव, शाळा, तारीख तशीच ठेवली तर ती ओळख उघड केल्यासारखीच आहे.

रोजच्या रोज नोंद लिहा, नाव न घेता. शेवटच्या आठवड्यात सगळं आठवून लिहिलेला रिपोर्ट लगेच ओळखू येतो.

## टप्पा ८ : नोकरीला लागताना

शिकवायचं असेल तर नेट, म्हणजे प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा. क्रिमिनॉलॉजीचा विषय कोड ६८, फॉरेन्सिक सायन्सचा ८२, फॉर्म भरताना अदलाबदल करू नका. मास्टर्सला खुल्या गटाला ५५ टक्के आणि राखीव गटांना ५० टक्के लागतात. पेपर एक १०० मार्कांचा, पेपर दोन २०० चा, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही. फक्त इतकंच की क्रिमिनॉलॉजीचे स्वतंत्र विभाग मोजके आहेत, जागा कमी निघतात, पोलीस अकादमी आणि लॉ कॉलेजांच्या जाहिरातींवरही नजर ठेवा.

सामाजिक बाजूच्या नोकऱ्या, म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष, वन स्टॉप सेंटर, संस्थांमधले समुपदेशक, यातल्या बऱ्याच कंत्राटी असतात. काम खरं असतं, अनुभव जबरदस्त मिळतो, पगार उशिरा येऊ शकतो. नेमणूक पत्रात मुदत आणि पदाचं नाव नीट लिहिलंय ना बघा, कारण उद्या अनुभव मोजला जाईल तो त्या कागदावर.

बँका आणि कन्सल्टिंग कंपन्यांत 'क्रिमिनॉलॉजिस्ट' असं शोधलं तर काही सापडणार नाही. फ्रॉड रिस्क, एएमएल (मनी लाँडरिंग रोखणं), केवायसी (ग्राहकाची ओळख तपासणं), ड्यू डिलिजन्स (व्यवहाराआधीची चौकशी), ट्रस्ट अँड सेफ्टी (ऑनलाइन सेवांवरचे गैरप्रकार रोखणं) असं शोधा. इथे मनी लाँडरिंगचा २००२ चा कायदा वाचलेला असणं आणि एक चांगली लिहिलेली केस नोट दाखवता येणं याचं वजन डिग्रीपेक्षा जास्त पडतं. सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर हे सर्टिफिकेट चांगलं आहे पण त्याला कामाच्या अनुभवाचीही अट आहे, कॉलेजात असतानाच पैसे घालू नका. खासगी डिटेक्टिव्हगिरीसाठी आपल्याकडे लायसन्सचा केंद्रीय कायदा झालेला नाही, त्यामुळे 'सरकारमान्य डिटेक्टिव्ह कोर्स' असं कुणी विकत असेल तर कुठल्या कायद्याखाली मान्य ते विचारा. कुणाचे कॉल रेकॉर्ड काढून दे, फोनमध्ये ॲप टाक, असली कामं आली तर ती नोकरी नाही, तो गुन्हा आहे आणि आरोपी तुम्ही असाल.

शेवटचं कागदपत्रांचं, कारण पात्र मुलं इथे बाद होतात. डोमिसाइल, जात प्रमाणपत्र, जात वैधता, आणि नॉन क्रिमीलेयर. नॉन क्रिमीलेयरला मुदत असते आणि जाहिरातीत ते कुठल्या तारखेला वैध हवं ते दिलेलं असतं, जुनं जोडलं तर आरक्षणाचा दावा जातो. डिग्रीच्या नावाचं स्पेलिंग मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्रावर सारखं आहे का बघा, 'क्रिमिनॉलॉजी' एका कागदावर आणि 'क्रिमिनल जस्टिस' दुसऱ्यावर असेल तर युनिव्हर्सिटीकडून खुलाशाचं पत्र आत्ताच घेऊन ठेवा, मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते मिळत नाही.